अर्धी गोळी

"अर्धीच द्या, वैनी. अख्खी मागायला मी काय निर्लज्ज माणूस हाय का?"

खोत काका आमच्या उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी दोन नारळांची पिशवी आईच्या हातात दिली आणि मान खाली घातली.

आईनं अडकित्ता आणला.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे तिसऱ्यांदा शेवटच्या वर्षाला. त्यामुळे घरातल्या कुठल्याही विषयावर मत देण्याचा मला अधिकार नव्हता. तरी मी म्हणालो, "आई, ते औषध ताईचं आहे. ते प्रसादासारखं वाटायचं नसतं."

"दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?" असं म्हणून आईनं गोळी पात्याखाली धरली आणि अडकित्ता दाबला. निम्मी गोळी उडाली ती थेट कपाटाखाली. खोत काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तरी ते पालथे पडले, कपाटाखाली हात घालून त्यांनी ती शोधून काढली, फुंकली, कपाळाला लावली आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"सुयोगला दुधातनं देतो," ते म्हणाले. "तुमचं उपकार फिटायचं न्हाईत."

ताई आतल्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती हसत होती, आणि नेमका तोच घोटाळा झाला होता. ती हसली नसती तर आमच्या दारात कुणी आलंच नसतं.

माझ्या बहिणीचं नाव पद्मश्री. ती तिला जन्मतःच मिळाल्यामुळे पुढे तिचं आणखी कौतुक करण्याची कुणाला गरज वाटली नाही. जयसिंगपूरच्या शेडबाळ्यांकडे तिला दिली होती. दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, ठिबक सिंचनाचं दुकान. लग्नाला चार वर्षं झाली आणि एक दिवस ताई उठलीच नाही. पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून. जेवण नाही, बोलणं नाही, अंघोळ सांगितली तर. दाजींनी महिनाभर वाट पाहिली आणि मग तिला आमच्याकडे सांगलीला आणून सोडलं, जसं वॉरंटीतला पंप दुकानात परत आणून ठेवतात तसं.

"नाटक आहे सगळं," दाजी आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चहा पीत म्हणाले. "ताप नाही, रिपोर्ट नॉर्मल. आजार असता तर दिसला नसता का?"

ताई आतून ऐकत होती. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात भिंतीकडे तोंड केलेल्या माणसालाही होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कुणीतरी सांगितलं की मिरजेत डॉ. हळदणकरांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर परदेशी कंपनीच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. उदासीच्या आजारावर. फुकट. आप्पांना 'परदेशी' आणि 'फुकट' हे शब्द एका वाक्यात पहिल्यांदाच भेटले होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना पिठाची. दोन्ही दिसायला सारख्या. कुणाला कुठली, ते पेशंटला माहीत नसतं.

"तुम्हाला माहीत असंल की," आप्पा म्हणाले.

"मलाही नसतं."

"तुम्हालाच माहीत नाही?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तुमची फी कसली?"

"फी नाहीच म्हणून सांगितलं ना."

"मग ठीक आहे," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी ताईला वेगळं बसवून पुन्हा सगळं विचारलं. तुम्हाला स्वतःला यायचंय का, नको असेल तर कधीही सोडता येईल. ताईनं फॉर्म एकदा उलटून पाहिला. मग म्हणाली, "मी बरी झाले तर, मला आजार होता हे सिद्ध होईल का?"

"सिद्ध म्हणजे... हो, तसं म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. ते घड्याळाकडे बघत होते.

ताईनं सही केली. तिला बरं व्हायचं नव्हतं असं नाही, पण त्याआधी तिला एवढंच हवं होतं, की दाजींनी एकदा तोंडानं म्हणावं, तू आजारी होतीस.

चाचणीचा नियम असा की पेशंटबरोबर घरचं एक माणूस दर वेळी हवं, आणि गोळ्यांची डबी त्याच माणसानं सांभाळायची. घरात रिकामा मीच. दर मंगळवारी ताईला स्कूटरवर मागं बसवून मी मिरजेला न्यायचो. तिथं तरन्नुम मॅडम होत्या. त्यांचं काम प्रश्न विचारणं. झोप कशी लागली, भूक लागते का, रडू येतं का, जगून काय उपयोग असं वाटलं का. प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून सगळं ऐकू यायचं. तासभर चालायचं. ताईनं उत्तर द्यायला पाच मिनिटं घेतली तर मॅडम पाच मिनिटं थांबायच्या. आमच्याकडे ताईला एवढा वेळ प्रश्न विचारले गेले ते फक्त बघण्याच्या कार्यक्रमात, आणि तेव्हाही उत्तरं आप्पांनी दिली होती.

महिना होत आला असेल. एका सकाळी ताई उठून स्वयंपाकघरात आली, ताटलीतला एक घास खाल्ला आणि म्हणाली, "उपम्यात मीठ नाही."

आई तिथंच खाली बसून रडायला लागली. आप्पांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "पोरीनं मीठ मागितलं!" कऱ्हाडच्या आत्याला वाटलं आमच्याकडे मीठसुद्धा उरलं नाही, तिनं पैसे पाठवायची तयारी दाखवली.

पुढच्या मंगळवारी ताई दवाखान्यात सगळ्यांदेखत हसली. मी काहीतरी फालतू बोललो होतो. ती खळखळून हसली आणि वेटिंग रूममधल्या सगळ्या नातेवाइकांच्या माना एकदम वळल्या. पेशंट सगळे आपापल्या जागी खाली बघत होते. पण नातेवाईक असे बघायला लागले, जसं पंगतीत एकालाच तूप वाढलंय.

"खरी गोळी हिलाच लागलीया," खोत काका कुजबुजले. त्यांचा सुयोग इंजिनिअरिंग सोडून घरी आलेला. सात महिने त्याच्या तोंडून शब्द नव्हता.

"आणि आमच्या वाट्याला पीठ," नाईकवडी मामी म्हणाल्या. त्या त्यांच्या नणंदेला घेऊन यायच्या.

मी त्यांना समजावलं. चार वेळा समजावलं. की असं ठरवता येत नाही, की औषधाचं प्रमाण असतं, की वाटून खायला ती चिक्की नाही. मामी म्हणाल्या, "बरोबर आहे बाळ. ज्याला मिळालं तो असंच बोलणार." त्या आठवड्यात खोत काका नारळ घेऊन आमच्या घरी आले, आणि अडकित्ता निघाला.

दोन दिवसांनी मामी आल्या. त्यांनी डझनभर केळी आणली होती. आता अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे ठरले: रोज पाव खोत काकांना, पाव मामींना. खोत काका नाराज झाले. "आधी मी आलोय," ते म्हणाले. "हे काय वडिलोपार्जित रान हाय व्हय, वाटण्या करायला?" शेवटी आईनं शपथ घातली तेव्हा पावावर तयार झाले.

"ताई, तू तरी नाही म्हण," मी म्हणालो. "अर्ध्या गोळीवर आलीस तू. पुन्हा पडलीस म्हणजे? दाजी काय म्हणतील माहितीये ना?"

"म्हणतील, नाटकाचा दुसरा अंक."

"मग?"

"अरे, तो सुयोग माझ्यासारखाच बसतो. पायाच्या अंगठ्याकडे बघत." ती म्हणाली. "दे. मला पुरते अर्धी."

मी रोज सकाळी तिच्या खोलीत डोकावायचो. तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे एवढंच बघायचं असायचं. भिंतीकडे असलं की मी उगाचच हाक मारायचो. पण ती नुसती कूस बदललेली असायची. अर्ध्या गोळीवर ताई शेजारच्या मुलींना गणित शिकवायला लागली. अर्ध्या गोळीवर तिनं माझ्या तिसऱ्या शेवटच्या वर्षाबद्दल मला टोमणे मारले. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आणि एक दिवस खोत काका पेढे घेऊन आले. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"बोललं! पोरगं बोललं!"

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"शिवी दिली."

"कुणाला?"

"मला!" खोत काकांनी आईच्या हातावर पेढा ठेवला. "आईवरनं! इतकी खणखणीत, काय सांगू तुम्हाला. शेजारी धावत आलं. आमची मंडळी म्हणाली, अजून एक दे रं बाळा, परत ऐकू दे."

मामींची नणंदही सुधारली. तिनं मामींशी भांडण काढलं आणि वेगळी चूल मागितली. मामींनी पाव गोळी ताबडतोब बंद केली. खोत काकांना पुन्हा अर्धी मिळायला लागली.

इकडे दवाखान्यात एक निराळंच संकट आलं होतं. मुंबईहून कंपनीचे एक साहेब आले. टाय लावलेला तरुण माणूस. आम्ही वेटिंग रूममध्ये बसलेलो, आणि आत ते डॉक्टरांना झापत होते. प्लायवुड पुन्हा कामाला आलं.

"सर, तुमच्या सेंटरमध्ये जवळजवळ सगळेच बरे होतायत!"

"मग ते वाईट आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्थात वाईट आहे! पिठाच्या गोळीवाले बरे झाले तर आमचं औषध चांगलं आहे हे आम्ही दाखवायचं कसं? सगळीकडे हेच होतंय हल्ली. लोक पिठावर बरे होतात. तुमच्याकडे जरा जास्तच. ती मॅडम पेशंटना चहा देते का?"

"देते."

"बंद करा. आणि हसायचं नाही. प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं, पुढचा प्रश्न. पेशंटला बरं वाटेल असं काहीही करायचं नाही."

मानसिक आजारांच्या दवाखान्यात हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी तरन्नुम मॅडमनी ताईला बँकेतल्या कॅशियरच्या आवाजात सगळे प्रश्न विचारले. परत येताना स्कूटरवर ताई म्हणाली, "बिचाऱ्या मॅडमना आज काहीतरी झालं होतं. शेवटी मीच विचारलं, रात्री झोप लागते का तुम्हाला. तर रडल्याच."

दरम्यान बैठक ठरली होती. आमच्या समाजात संसार मोडायला आला की भूपाल मामांच्या घरी बैठक होते. भूपाल मामांचा स्वतःचा संसार त्यांची बायको चालवत असल्यामुळे मामांना दुसऱ्यांच्या संसाराला भरपूर वेळ मिळे. ताई सुधारली हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्यांचा निकालही तयार होता. फोनवर त्यांनी आप्पांना तो सांगून टाकला.

"औषध लागू पडलं, म्हणजे रोग होता. रोग होता, म्हणजे पोरीचा दोष नाही. शेडबाळ्यांना मान खाली घालावी लागेल. रविवारी या."

ताईनं हे मला तीनदा सांगायला लावलं. "रोग होता, म्हणजे दोष नाही. असंच म्हणाले? शब्द हेच?"

"हेच."

शुक्रवारी डॉ. हळदणकरांचा फोन आला. मंगळवार नसताना. आम्ही गेलो तर वरचा मजला निम्मा रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या.

"कंपनीनं अभ्यास थांबवला," डॉक्टर म्हणाले. "खऱ्या आणि खोट्या गोळीत फरकच दिसेना. आता कुणाला काय होतं ते सांगायला हरकत नाही. तुम्ही पिठाच्या गटात होता."

मला कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे गोळीत औषध नव्हतं. नुसतं स्टार्च."

"पहिल्यापासून?" ताईनं विचारलं.

"पहिल्यापासून."

माझ्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, अडकित्त्यानं पिठाचे सारखे भाग करणारी. आणि खोत काका, पिठाला कपाळ लावणारे.

"तुम्ही बऱ्या झालात, छानच झालं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला. "पण खरं सांगू का? तुम्ही बऱ्या व्हायला नको होतं हो."

ताईनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "डॉक्टर, मग मी आजारी होते का?"

"अर्थात! आजारी नसता तर चाचणीत घेतलंच नसतं. पिठाच्या गोळीवर उतरला म्हणून आजार खोटा ठरत नाही. कुणी दर आठवड्याला बसून विचारपूस करतं, त्यानंही माणूस उठतो. काळानंही उठतो. नक्की कशानं ते मला सांगता येणार नाही. पुन्हा त्रास झाला तर मात्र थांबू नका. बाजारात चांगली औषधं आहेत, ती देऊ."

"हे रविवारी आमच्या बैठकीत येऊन सांगाल? दहा मिनिटं. माझ्या सासरच्यांना."

"रविवारी मी गोव्याला आहे. परिषद आहे."

"कसली परिषद?" मी विचारलं.

"रुग्णाच्या कुटुंबीयांशी संवाद, या विषयावर," डॉक्टर म्हणाले. "माझं बीजभाषण आहे."

जिना उतरताना मी ताईचा दंड धरला. "हे बघ. हे तुला माहीत, मला माहीत आणि डॉक्टरला. डॉक्टर गोव्याला. आपण गप्प बसायचं. मामांचा निकाल ठरलाय. दाजी माफी मागणार, तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर. हेच हवं होतं ना तुला?"

"हेच हवं होतं."

"मग पीठ हा शब्द दोन दिवस तोंडातनं काढायचा नाही. घरात चपात्या करायच्या नाहीत."

ती हसली नाही. स्कूटरवर मागं बसली आणि सांगलीपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला ओळखीचं होतं, म्हणून मी आरशात सारखा तिचा चेहरा बघत राहिलो.

रविवारी सकाळी भूपाल मामांच्या हॉलमध्ये आम्ही एका बाजूला बसलो आणि शेडबाळे दुसऱ्या बाजूला. मध्ये चिवड्याचं ताट आणि मामा. दाजींनी नवा शर्ट घातला होता. त्यांच्या आईनं, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, आल्याआल्या ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नर्सरीत रोप घेताना न्याहाळतात तसं.

"तर," मामा म्हणाले, "पोरगी बरी झाली. परदेशी कंपनीचं औषध. शास्त्रीय पद्धत. जावईबापू, तुमचं म्हणणं होतं नाटक."

"होतं."

"नाटकाला औषध लागू पडतं का?"

दाजींनी विचार केला. "नाही पडत."

"मग बोला."

दाजींनी घसा साफ केला. माणूस व्यवहारी. मालात दोष नव्हता, वीजपुरवठ्यात होता, हे पटल्यावर गिऱ्हाइकाची माफी मागायला त्यांना कमीपणा वाटत नसे. ते ताईकडे वळले आणि चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. मी नाटक म्हणालो, ते चुकलं. तू आजारी होतीस."

ताईनं डोळे मिटले. इतके दिवस ज्या वाक्यासाठी ती मंगळवारचे मंगळवार मोजत होती, ते आलं होतं. आईनं पदर डोळ्याला लावला. आप्पांनी इतक्या वेळानं पहिल्यांदा चिवड्याला हात लावला. मीही सुटकेचा श्वास घेतला.

"झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या. "आजच घेऊन जातो. ती गोळी मात्र बंद करायची नाही हं. रोज सकाळी मी स्वतःच्या हातानं देईन."

"ठिबकसारखं," दाजी म्हणाले. "थोडं थोडं, पण कायम."

"आणि मी म्हणते," सासूबाई आईकडे झुकल्या, "एकाऐवजी दोन दिल्या तर ती पहाटे पाचला उठेल का हो? आमच्याकडे पाणी तेव्हाच येतं."

मामा हसले. दाजी हसले. आप्पाही, जरा उशिरा, हसले.

ताईनं डोळे उघडले. "एक सांगायचं राहिलं."

मी चिवड्याचं ताट पाडलं. मुद्दाम. शेंगदाणे सगळीकडे पळाले. सगळे खाली वाकले, आणि ताई वाकलेल्या माणसांना उद्देशून म्हणाली, "माझी गोळी पिठाची होती."

सगळे सावकाश वर आले.

"पिठाची म्हणजे?" मामांनी विचारलं.

"तिच्यात औषध नव्हतं. मला परवा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं. मी आजारी होते आणि औषधाशिवाय बरी झाले. असंही होतं म्हणे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला बहुतेक अडकित्ता आठवत होता. आप्पा पुटपुटले, "अगं पण मग... इतके महिने...", आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. आप्पांनी आयुष्यात गिळलेल्या वाक्यांपैकी हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते कुठं चाललं होतं ते स्पष्ट होतं.

सासूबाईंना कसलीच अडचण नव्हती. "बघा!" त्या म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते? आमच्यात असले आजार नसतातच!"

"म्हणजे पीठ खाऊन उठलीस?" दाजींचा आवाज चढला. "आणि मी सहा महिने दुपारचं खानावळीचं खाल्लं? अल्सर व्हायची वेळ आली मला! पीठ काय, आमच्या घरात पोत्यानं होतं!"

"अहो," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की दाजी थांबले. "मगाशी माफी मागितलीत, ती माझी की गोळीची?"

दाजींनी आपल्या आईकडे पाहिलं. मग मामांकडे. मग खाली पडलेल्या शेंगदाण्यांकडे. उत्तर तसं सोपं होतं. एक शब्द पुरला असता, आणि ताईनं तो मिळायला वेळही दिला. कितीतरी वेळ दिला.

"औषधच नव्हतं," दाजी शेवटी म्हणाले, "तर आजार कसला?"

ताईनं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणिताचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळल्यावर शेजारच्या मुली अशी मान डोलावायच्या. ती उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "स्कूटर काढ."

"पद्मश्री!" भूपाल मामा तळमळून उभे राहिले. त्यांचा एक जुळलेला संसार त्यांच्या डोळ्यांदेखत चप्पल घालत होता. "अगं, निकाल तुझ्या बाजूनं लागला होता! दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ताई दारात थांबली.

"इतके महिने गप्पच होते, मामा," ती म्हणाली. "तोच तर आजार होता."